डाव्या हाताचं इंजिन

मंडळाच्या स्मरणिकेसाठी जुन्या आठवणी लिहून द्या, असं मुलं दोनदा येऊन सांगून गेली. मला लिहिता येत नाही, असं मी त्यांना म्हटलं. गोदामाच्या पावत्या आणि नातेवाइकांना खुशालीची पत्रं, यापलीकडे मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. पण ती ऐकेनात. मूर्तिकारांवर, आरासीवर, मेळ्यांवर लिहिणारी माणसं आपल्या वाडीत पुष्कळ आहेत. तराफ्यावर कोणी लिहिणार नाही, आणि कोंडीरामवर तर नाहीच. म्हणून लिहितो. छापायचं की नाही ते तुम्ही बघा.

कोंडीराम गमरे आपल्या गिरगावातला नव्हता. डिलाईल रोडच्या चाळीत राहायचा आणि परळच्या एका गिरणीत फिटर होता. अंगाने काटक, बोलायला तिखट. उजव्या हाताची दोन बोटं गिरणीच्या दात्यांत गेलेली. लढाईच्या काळात तो बंदरावर लष्कराच्या होड्यांच्या कारखान्यात कामाला होता. लढाई संपल्यावर लष्कराने जुना माल काढला, तेव्हा मंडळाने त्यातले दोन पाँटून घेतले. पाँटून म्हणजे माणसापेक्षा लांब अशा पत्र्याच्या पोकळ, बंद पेट्या. त्या दोन पेट्या शेजारी ठेवून वर फळ्या ठोकल्या की झाला आपला विसर्जनाचा तराफा. मालाबरोबर चार घोड्यांचं एक छोटं इंजिनही मिळालं होतं, होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं, पंखा पाण्यात सोडलेलं. ते कोणाला चालवता येईना. तेव्हा बंदरावरच्या कोणीतरी कोंडीरामचं नाव सांगितलं. तेव्हापासून दरवर्षी अनंत चतुर्दशीला तो यायचा, तराफ्याच्या मागच्या टोकाला उभा राहायचा आणि गणपती खोल पाण्यात नेऊन आणायचा.

तो महार, हे सगळ्यांना माहीत होतं. बोलत कोणी नसे. वाडीत कामाला आला की चहा मिळे, पण त्याचा कप बाहेरच्या कोनाड्यात वेगळा असे. चहा पिऊन तो स्वतःच विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवी. माझी खोली त्या कोनाड्याला लागून होती, त्यामुळे आमची ओळख झाली. मी तेव्हा पंचविशीच्या आतला, बंदरावरच्या एका गोदामात कारकून. चारचौघांत मला बोलायला जमत नसे. त्याला बोलायला माणूस लागे आणि मला ऐकायला. असं आमचं जमलं.

एक रीत इथे सांगायला हवी. तराफा समुद्राकडे निघाला की गणपतीचं तोंड मात्र किनाऱ्याकडे ठेवायचं. जाता जाता देवाने आपल्या माणसांकडे बघत जावं म्हणून. आता इंजिन तराफ्याच्या मागच्या टोकाला. म्हणजे इंजिन चालवणारा माणूस आणि देव सगळा वेळ समोरासमोर. पुढचं पाणी त्या माणसाला दिसत नाही, दिसतो तो गणपती. म्हणून धोंडू नाखवा पुढच्या टोकाला बसून ओरडायचा, "डाव्या अंगाला! उजव्या अंगाला!" आणि कोंडीराम त्याप्रमाणे सुकाणू वळवायचा.

छप्पन साली आपल्या गणपतीची फजिती झाली. मूर्ती दरवर्षीपेक्षा मोठी होती, ओहोटीची ओढ होती, आणि चार घोड्यांचं इंजिन नुसतं खोकत राहिलं. तराफा समुद्रात जायचा सोडून आडवा वाळकेश्वरच्या बाजूला सरकायला लागला. शेजारच्या वाडीचे लोक चौपाटीवरून ओरडत होते, "अरे, तुमचा गणपती बाणगंगेला चालला काय?" शेवटी धोंडूच्या भावाने होडी आणून दोर लावला आणि तराफा ओढत नेला. त्या होडीच्या मागे, दावणीच्या गुरासारखा. कोंडीराम उतरला तेव्हा त्याचं तोंड काळवंडलं होतं.

"मोठं इंजिन पाहिजे," तो म्हणाला. "पंधरा घोड्यांचं. नायतर पुढच्या वर्षी तुमी दुसरा माणूस बघा."

मंडळाचे चिटणीस चिंतामणी मानकर तिथे होते. मानकर म्हणजे गिरगावातलं जुनं घर, वडील हायकोर्टात हेडक्लार्क. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत मानकरसाहेब बोलायला उभे राहिले की माणसं खिडक्यांत येत. "तू म्हणशील ते आणू, कोंडीराम," ते म्हणाले. "आता आपण सगळे मराठी एक. इथे वरचा-खालचा कोणी नाही." हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं, असं मला आजही वाटतं.

त्या डिसेंबरात बाबासाहेब गेले. दुसऱ्या दिवशी दादरला अफाट जनसमुदायाने दीक्षा घेतली, त्यात कोंडीराम होता, त्याची बायको राधाबाई होती, त्यांची सगळी चाळ होती. पुढे महिनाभराने तो वाडीत आला, इंजिनाचं काय झालं विचारायला. माझ्या मावशीने सवयीने कोनाड्यातला कप काढला. तो म्हणाला, "नको, मावशी. आता मी कोनाड्यातला चहा पीत नाय." मावशीला राग आला नाही. ती गोंधळली. तो कप हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली आणि मग तो होता तिथेच तिने परत ठेवला.

इंजिन पावसाळ्याच्या आधी आलं. कुलाब्याच्या एका पारशी गृहस्थांची स्पीडबोट खडकावर फुटली होती, तिचं इंजिन त्यांनी मंडळाला देऊन टाकलं. हिरव्या रंगाचं, जुन्या इंजिनाच्या दुप्पट उंच. ते बघून कोंडीराम हसला. त्याला असं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

मग सुट्टीच्या दिवशी तो ट्रामने यायचा आणि वाडीच्या मागच्या अंगणात काम करायचा. मी पायरीवर बसून असे, पाना किंवा बोल्ट हातात देत. मोठं इंजिन जुन्या तराफ्याला नुसतं अडकवून चालत नाही, हे मला तेव्हा कळलं. पाँटून लढाईच्या वेळचे, ठिकठिकाणी गंजलेले. कोंडीराम हातोडीने सगळ्या पत्र्यावर हलके ठोके मारत जाई. पत्रा जाड असला की आवाज टणक येई, पातळ झाला असला की पिचलेल्या मडक्यासारखा. तिथे खडूने फुली. सगळ्या फुल्यांवर त्याने नवीन पत्र्याची ठिगळं लावून शेंदरी रंग दिला. मागची फळी दीड बोट जाडीची होती. एवढं इंजिन जोर करायला लागलं तर ती खिळ्यांसकट उपटून जाईल, म्हणून दोन्ही पाँटूनना आडवं जोडणारी लोखंडी चौकट त्याने गिरणीतल्या भंगारातून जुळवली आणि त्यावर सागवानी फळी बसवली. इंजिनाच्या वजनाने मागचं टोक बुडू नये म्हणून खाली दोन बंद पिंपं बांधली.

"खरी भानगड वेगळीच हाय, भाऊ," तो मला म्हणाला. "देव तराफ्यावर हाय तोवर तराफा खाली दबलेला. पंखा पाण्यात खोल. देव सोडला की तराफा एकदम वर येतो. पंखा पण वर. पाणी नाय मिळालं की इंजिन पिसाळतं. त्या टायमाला बरोबर दाबायला लागतं. डोळ्यांनी नाय कळत ते. तळपायाला कळतं."

"तळपायाला?"

"फळी पायाखाली श्वास घेतल्यागत वर येते. तेवढ्यासाठी मी येतो दरवर्षी. चार घोड्यांवर ती मजा नव्हती. आता बघ."

मी विचारलं, "पण तुम्ही आता... दीक्षा घेतलीत ना?"

"घेतली. गणपतीची पूजा करणार नाय म्हणून बोललो. इंजिन चालवणार नाय असं नाय बोललो." आणि मग हळू आवाजात, "आमच्या चाळीत पण हेच चाललंय. गणपतीचा ड्रायव्हर म्हणतात मला. राधा तर तोंडाला तोंड देत नाय. मी बोललो, मी देवाला नाय नेत, इंजिनाला नेतो. देव वर बसलाय तर बसू दे."

श्रावणात त्याने अंगणातच इंजिनाची चाचणी घेतली. पाण्याने भरलेल्या पिंपात पंखा बुडवला, खिशातून दोरी काढली. या इंजिनांना तेव्हा सुटी दोरी असे. दोरीची गाठ वरच्या चाकाच्या खाचेत अडकवायची, वेढे द्यायचे आणि जोरात ओढायची. ती दोरी कोंडीराम नेहमी स्वतःच्या खिशात ठेवी, नाहीतर पोरं इंजिनाशी खेळतील म्हणून. तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं आणि पिंपातलं निम्मं पाणी उडून पहिल्या मजल्याच्या दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यांवर गेलं.

"मेल्या, समुद्र घरात आणतोस काय!" वरून शकूवहिनी ओरडल्या.

"वहिनी, देव न्यायचाय ना?" कोंडीराम खालून म्हणाला.

"देव ने, माझी लुगडी नको नेऊस!"

सगळी वाडी हसली. मानकरसाहेबही गॅलरीत उभे राहून हसले.

समुद्रातली चाचणी मात्र झाली नाही. नारळी पौर्णिमेच्या आधी धोंडू नाखवा कशालाच पाण्यात हात लावू देईना. "दर्याला नारळ दिल्याशिवाय नाय," म्हणाला. नारळी पौर्णिमेनंतर कोंडीरामची गिरणीत जादा पाळी सुरू झाली. राहिलेलं काम तेवढं उरकलं.

राहिलेलं काम म्हणजे सुकाणूची मूठ. हे मला नंतर कळलं, पण इथेच सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. कोंडीरामला उजव्या हाताने काही घट्ट धरता येत नसे. म्हणून त्याने सुकाणूला लांब नळी जोडली, उभं राहून डाव्या हाताने चालवता येईल अशी. नळीच्या टोकाला सायकलचा ब्रेक बसवला आणि त्याची तार इंजिनाला नेली. आता असा ब्रेक सगळा वेळ दाबून ठेवला तर हात भरून येतो. दुसऱ्या हाताची मदत नाही. तेव्हा त्याने उलटं केलं. मूठ सैल ठेवली की इंजिन जोरात, मूठ दाबली की हळू. जोर सगळा वेळ लागतो, हळू फक्त देव सोडताना. त्याच्या हाताला हे बरोबर होतं. गिरणीतले फिटर आपापली हत्यारं आपापल्या हाताला घासून घेतात, दुसऱ्याच्या हाताला ती लागत नाहीत. त्यानेही तेच केलं. दुसरं कोणी ही मूठ धरील असं त्याच्या मनात आलं नसावं.

सत्तावन सालचा गणपती तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. प्रभावळीच्या जागी प्लायवुडचा भलामोठा महाराष्ट्राचा नकाशा, आणि मुंबईच्या जागी बॅटरीवर पेटणारा लाल दिवा. द्वैभाषिक राज्य चालू होतं, लोकांच्या अंगात आग होती. मिरवणुकीत "मोरया" आणि "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" या घोषणा एकात एक मिसळून गेल्या होत्या. नकाशाची ती फळी शिडासारखी वारा धरणार, म्हणून मोठं इंजिन हवंच, असं कोंडीराम म्हणालाही होता.

चौपाटीवर ऊन कलतं होतं. वाळूवर शेवटची आरती झाली. माणसांनी मूर्ती उचलून तराफ्यावर ठेवली, तोंड किनाऱ्याकडे. इंजिनाला कोणीतरी झेंडूचा हार घातला होता, कुंकू लावलं होतं. कोंडीराम मागच्या टोकाला चढून उभा राहिला. इस्त्रीचा खाकी शर्ट घालून आला होता, डाव्या बाहीची घडी कोपरापर्यंत. गुडघाभर पाण्यात तराफा धरून उभ्या असलेल्यांत मी होतो, त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं.

मानकरसाहेब तराफ्यावर आले. हळूच म्हणाले, "कोंडीराम, देवासमोर उभा आहेस. हात जोड."

"साहेब, मी नाय जोडत आता. तुमाला म्हाईत हाय."

"लोक बघतायत."

"लोक गणपतीकडं बघतायत. माज्याकडं कोण बघतंय?"

"थट्टा नको. दरवर्षी जोडायचास ना?"

"जोडायचो. आता एक हात सुकाण्यावर हाय आणि दुसरा अर्धाच. जोडू कशानं?"

पाण्यातली काही माणसं हसली. मानकरसाहेबांचा चेहरा उतरला. कोणीतरी मागून म्हणालं, "अरे नुसते जोड ना रे! एकदा जोड आणि चल. कशाला अडवतोस?" दुसरा म्हणाला, "बाटला तरी तोरा बघा." ते कोणी म्हटलं ते मला माहीत आहे. तो आता नाही.

मानकरसाहेब त्याच्याजवळ गेले. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हे बघ, तुझ्या मनात नसेल तर तुझ्यावर सक्ती नाही. पण मग देवाच्या समोर सगळा वेळ उभं राहणं बरोबर दिसत नाही. तुलाही नाही आणि आम्हालाही नाही. तुमच्याच लोकांना तरी आवडेल का? तू उतर. राजाराम चालवील."

राजाराम आपल्या वाडीतला, टॅक्सी चालवायचा. आनंदाने पुढे आला. "मोटार ती मोटार," म्हणाला.

हात जोडायला किती वेळ लागतो? त्याने जोडले असते तर तो गेला असता. पावसाळाभर त्याने ज्या क्षणासाठी काम केलं, तो त्याच्या पायाखाली आला असता. सगळे त्याच्याकडे बघत होते. कोंडीरामने गणपतीकडे पाहिलं. रागाने नाही. चाकाचा आस सरळ आहे का बघतो तसं. मग फळीवरून पाण्यात उतरला आणि वाळूकडे चालू लागला. खाकी पॅंट भिजली.

राजाराम मुठीपाशी उभा राहिला आणि इकडे तिकडे बघायला लागला. "दोरी कुठाय?"

दोरी कोंडीरामच्या खिशात होती.

"दोरी! ए कोंडीराम, दोरी!" सगळे ओरडायला लागले. ताशा वाजत होता. कोंडीराम थांबला. खिशात हात घातला. मग वळला आणि दोरी डोक्याच्या वर धरून परत पाण्यात शिरला. तराफा तोवर थोडा आत गेला होता, पाणी त्याच्या छातीशी आलं. माझ्या शेजारून गेला तेव्हा त्याच्या तोंडावर काय होतं ते मी सांगू शकत नाही. आता तरी वर घेतील असं त्याला वाटलं असेल. मला तरी तसं वाटलं. मानकरसाहेबांनी वाकून हात पुढे केला. कोंडीरामने आपला डावा हात वर केला. मानकरसाहेबांनी त्यातली दोरी घेतली.

इंजिन पहिल्याच ओढीला सुरू झालं. काय आवाज होता तो! तराफा पाणी कापत निघाला, मागे पांढरी रेघ. चौपाटीवर एकच जल्लोष झाला. बाकीच्या मंडळांचे तराफे बांबूने ढकलत ढकलत चालले होते आणि आपला गणपती किनाऱ्याकडे बघत, नकाशाचा लाल दिवा लावून, त्यांच्यामधून गेला. राजारामने मूठ दाबली की वेग कमी होतो हे शोधून काढलं असावं, कारण मध्येच तराफा हळू झाला, मग पुन्हा निघाला. सगळं बरं चाललं होतं. कोंडीराम माझ्यापासून थोड्या अंतरावर पाण्यात उभा होता. डोळे बारीक करून बघत होता. तो परत का गेला नाही, मला कळलं नाही.

खोल पाण्यात तराफा थांबला. आम्हाला एवढंच दिसलं की माणसं वाकली, नकाशा हलला आणि गणपती खाली गेला. त्याच क्षणी कोंडीरामने डावी मूठ आवळली. पाण्याच्या वर, रिकाम्या हवेत. त्याच्या दंडाची शीर फुगली.

तिकडे तराफा वर आला, पंखा पाण्याबाहेर निघाला आणि इंजिन किंचाळलं. असा आवाज की ताशेवाले थांबले. टॅक्सीवाला माणूस घाबरला की काय करतो? अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलतो; इथे पायाच्या जागी हात होता. राजारामने मूठ सोडून दिली. मूठ सोडली की जोर वाढणार, हे त्या यंत्रात बसवलेलंच होतं. तराफा उसळला, गर्रकन फिरला आणि ज्या जागी गणपती सोडला होता त्याच जागेवरून गेला. खट् असा आवाज झाल्याचं धोंडू नंतर सांगायचा. राजाराम पाण्यात पडला, कोळ्यांनी त्याला ओढून काढलं. त्याला काही झालं नाही. इंजिन बंद पडलं. पाण्यावर नकाशाची फळी वर आली, पंख्याने एक काठ कातरलेली. लाल दिवा कुठे गेला ते कळलं नाही. मागोमाग शाडूचा एक हात क्षणभर वर दिसला आणि गेला.

 मग आरडाओरडा. तराफा दोराने ओढून आणला. मानकरसाहेब भिजलेले, हातात ती कातरलेली फळी. कोंडीराम तिथेच होता. ते थेट त्याच्यासमोर आले.

"मुद्दाम केलंस. उलटी मूठ बसवलीस."

"माज्या हाताला बसवली, साहेब."

"आम्हाला सांगितलं का नाहीस?"

"तुमी उतर बोललात. कशी चालवायची ते कुणी विचारलं?"

एवढंच तो बोलला. कोणीतरी त्याच्या पाठीत गुद्दा मारला. राजाराम बिचारा मध्ये पडून म्हणत होता, "अरे, माझा हात सुटला, मी घाबरलो." पण त्याचं कोण ऐकतो. धोंडूने कोंडीरामला दंडाला धरून रस्त्यापर्यंत नेलं. त्याची एक वहाण वाळूत राहिली.

पुढचे कितीतरी दिवस वाडीत हेच. देवावरून पंखा गेला, आता राज्य मिळत नाही. बाटलेल्याचा हात लागला म्हणून असं झालं. मी सुट्टीच्या दिवशी डिलाईल रोडला गेलो, त्याची वहाण घेऊन. राधाबाई दारात भांडी घासत होत्या. त्यांनी वहाणेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "झालं समाधान? देवाच्या पाया पडायचं नाय म्हणून शपथ घेतली, आणि देवाच्या मागं हुजऱ्या म्हणून उभं राहायला धावले. तिथनं पण हाकललं. आता चाळीतली पोरं पण हसतात." कोंडीराम आत बसून होता. त्याने मला चहा पाजला. एकाच किटलीतला, त्यांच्या कपात. मी प्यालो. त्याने बघून न बघितल्यासारखं केलं.

"खरंच सांगायचं विसरलात का?" मी विचारलं.

त्याने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. "देव सोडला ना, तवा माझी मूठ आवळली," म्हणाला. "तुला दिसली?"

"दिसली."

"मग झालं."

दुसऱ्या वर्षी, गणपतीच्या आधी, मंडळाचा निरोप त्याला मीच नेला. तुझी ती चौकट आणि मूठ काढून ने, आम्हाला जुनं चार घोड्यांचं इंजिन लावायचं आहे, मोठं विकायचं आहे. तो रविवारी आला. तराफा चौपाटीवर बांधलेला होता. त्याने वाकलेला पंखा ठोकून सरळ केला, तुटलेली खीळ बदलली. मग पाना खाली ठेवून मला म्हणाला, "काढण्याआधी एकदा नेऊन आणतो."

माझ्याजवळ परवानगी नव्हती. द्यायला किंवा नाकारायला मी कोण? दोरी मात्र मी बरोबर आणली होती, मंडळाच्या पेटीतून. ती मी त्याच्या हातात दिली.

त्याने एकट्याने तराफा ढकलला आणि वर चढला. दुपारची वेळ, चौपाटीवर भेळवालेसुद्धा आले नव्हते. इंजिन सुरू झालं. तो ताठ उभा राहिला, डावा हात मुठीवर, समोर रिकाम्या फळ्या. तराफा निघाला आणि पहिल्या लाटेलाच उसळला. वर वजन नव्हतं. पंखा पाण्यात खोल जाईना. दर लाटेला इंजिन किंचाळे, तो मूठ दाबी, तराफा बसे, पुन्हा उसळे. पंधरा घोड्यांचं ते इंजिन त्याने देवाच्या वजनाला बसवलं होतं. ते वजन आता त्याच्याकडे नव्हतं. थोडं पुढे जाऊन त्याने तराफा वळवला आणि परत आला.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"रिकामा हाय," तो म्हणाला. "रिकामा चालत नाय."

मग गुडघ्यावर बसून त्याने एकेक बोल्ट काढायला सुरुवात केली. सायकलचा ब्रेक आणि तार त्याने धोतराच्या फडक्यात गुंडाळून बरोबर नेली. चौकट जड होती, ती तिथेच टाकली. साठ सालच्या मे महिन्यात राज्य झालं तेव्हा वाडीने रोषणाई केली, मानकरसाहेबांचं भाषण झालं, आपण सगळे एक. चौकट तोवर चौपाटीच्या वाळूत निम्मी गाडली गेली होती. आमच्या वाडीची माणसं संध्याकाळी तिच्यावर बसून भेळ खायची. मीही एकदा बसलो होतो. फार वेळ बसवलं नाही.